अनुभव धागा: चार घरांच्या भाजीबागेतली दसरा-दिवाळीची तोडणी (सोलापूर)

नवरात्र झालं, परतीचा पाऊस बराचसा पडून गेला आणि ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलंय. सोलापुरात ज्यांनी सोसायटीच्या मोकळ्या जागेत, शाळेच्या आवारात किंवा देवळामागे मिळून भाजी लावली आहे, त्यांनी इथे लिहा. काय निघतंय, काय गेलं, वाटणी कशी करता?

सुरुवात मी करते. लावणीला सगळे येतात. बाग टिकते ती तोडणीला येणाऱ्यांमुळे. भेंडी फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत काढायला येते. दिवसाआड हात फिरला नाही तर शेंग निबर होते, आणि बी धरायला लागलेलं झाड नवीन फुलं कमी देतं. म्हणून आम्ही घरांना वार लावून दिलेत. ज्याचा वार, त्याच्या घरी त्या दिवशीची भेंडी. बियाण्याच्या झाडाला लाल दोरा बांधलाय, त्याला कुणी हात लावत नाही.

जुळे सोलापूर
आमच्याकडे दोडक्याने मांडव भरलाय. दोडक्याची पिवळी फुलं दिवस कलताना उमलतात, म्हणून संध्याकाळी खेळायला आलेल्या मुलांनाच काम दिलं: नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचं. मादी फुलाच्या देठाशी बारीक दोडका असतोच, त्यामुळे पोरं चुकत नाहीत. धरण्याचं प्रमाण डोळ्यांना दिसेल इतकं वाढलं.

त्रास आहे तो फळमाशीचा. कोवळ्या दोडक्यावर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र आणि त्यावर डिंकासारखा थेंब दिसला की आत अंडी घातलीत समजा. असं फळ वेलाखाली टाकू नका. अळी मातीत शिरून कोष करते आणि नवी माशी पुन्हा तुमच्याच मांडवावर येते. आम्ही किडकी फळं काळ्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवतो आणि क्यू ल्यूरचे (नर फळमाशीला वासाने ओढणारे) कामगंध सापळे टांगतो.

अक्कलकोट रोड
आमच्या गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी अशी सगळीच घरं, त्यामुळं अंबाडीवर सगळ्यांचा डोळा! दिवस लहान व्हायला लागले की अंबाडी फुलावर येती, मग पानं राठ होतात. म्हणून दसऱ्याच्या आधीच कोवळे शेंडे खुडून घेतले. शेजारच्या आक्का पानं उकडून पाणी पिळून टाकतात, तुरीची डाळ नि ज्वारीच्या कण्या घालून घोटतात आणि वरून लसणाची खमंग फोडणी. एका पातेल्यात अख्खी गल्ली जेवली. लाल अंबाडीची बोंडं मागं ठेवलीत, त्याची चटणी करायची.

होटगी रोड
कृषी खात्यातून निवृत्त झालोय, म्हणून जमिनीबद्दल थोडं. सोलापूरला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, नेमका पालेभाजी भरात असताना. काळ्या जमिनीत पाणी तुंबलं की मुळांचा श्वास कोंडतो. आपल्याकडे १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चालू आहे. त्याचा सगळा भर पडलेलं पाणी मातीत मुरवून धरण्यावर. भाजीच्या वाफ्याला मात्र जादा पाणी काढूनही द्यावं लागतं. म्हणून मेथी-कोथिंबीर गादीवाफ्यावरच, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावरच घ्या. पावसानंतर वाफसा येईपर्यंत पाय ठेवू नका. मूठभर माती दाबून सोडल्यावर ढेकूळ बोटाने सहज फुटलं तर वाफसा आला. आता ऊन वाढलंय आणि नळ काही रोज येत नाही, तेव्हा उसाचं पाचट किंवा वाळका पाला पसरून ओल धरून ठेवा.

सात रस्ता
वांगी. शेंड्याने मान टाकलेली दिसली की तो अळीसकट कापून लांब नेऊन नष्ट करायचा, हे एवढं केलं तरी फळं वाचतात. सोबत ५ टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळून पाणी १० लिटर करायचं, थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारायचं.

कुमठा नाका
ताई, पावटा मांडवभर पसरलाय पण एकसुद्धा फूल नाही. वेळ अमावास्येच्या सणाला करतात त्या भज्जीला (शेंगा-भाज्यांच्या मिसळ भाजीला) घरच्या शेंगा हव्यात असं आईने सांगून ठेवलंय. काही करता येईल का?

धागा सुरू करणारी
दादा, आपला गावरान पावटा दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही, तेव्हा घाबरू नका. पाणी थोडं तोडा, शेणखत आता बंद. नाहीतर नुसता पालाच वाढत राहील. वेळ अमावास्या मार्गशीर्षात, म्हणजे अजून अवकाश आहे. मावा (रस शोषणारी बारीक कीड) मात्र रोज बघा, कोवळ्या शेंड्यांवर तो आधी बसतो. आमच्याकडे चाकवताचं आणि शेपूचं बी शिल्लक आहे. ज्यांना हवंय त्यांनी कळवा, रविवारी सकाळी पुड्या बांधून ठेवते.