शासकीय समितीवर अशासकीय सदस्य म्हणून काम करायचंय, वाट कुठून?

पाटीपेन्सिल
सातारा जिल्ह्यात विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. पुढच्या जूनमध्ये निवृत्ती. त्यानंतर राज्य शासनाच्या एखाद्या समितीवर किंवा मंडळावर काम करायची मनापासून इच्छा आहे. पैशाची अपेक्षा नाही, पण नुसतं यादीत नाव असावं असंही नको. या जागा कळतात कुठे? अर्ज करायचा असतो की शिफारसच लागते? बाल कल्याण समितीवर शिक्षकांना घेतात का?

टिपणकार
ताई, आधी समिती कोणत्या प्रकारची आहे ते बघा, आत जायची वाट त्यावरच ठरते. काही समित्या निव्वळ शासन निर्णयाने होतात आणि त्यांतले अशासकीय सदस्य बहुधा पालकमंत्र्यांच्या शिफारशीने येतात. संजय गांधी निराधार योजनेची तालुका समिती घ्या. अध्यक्ष पालकमंत्र्यांनी सुचवलेला, सदस्य सचिव तहसीलदार. तिथे टपालाने अर्ज पाठवून काही हलत नाही, आणि सरकार बदललं की अशासकीय नेमणुका रद्द होऊन समिती रिकामी पडते. दुसऱ्या प्रकारात पात्रता आणि मुदत कायद्यातच लिहिलेली असते. बाल कल्याण समिती (काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांसाठी) आणि बाल न्याय मंडळ (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी) त्यात येतात. त्यांची जाहिरात निघते, मुलाखत होते. माझ्या मते तुम्ही शिफारशीच्या मागे एक दिवसही घालवू नका.

जागा शोधायची खात्रीची जागा म्हणजे माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(ख). प्रत्येक कार्यालयाने १७ मुद्द्यांची माहिती आपणहून प्रसिद्ध करायची असते, त्यातला आठवा मुद्दा समित्यांचाच आहे: कोणत्या समित्या आहेत, बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त बघायला मिळतं का. ही माहिती जुनी असेल तर साध्या कागदावर अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. तीनच गोष्टी मागा: समिती स्थापन केल्याच्या शासन निर्णयाची प्रत, आताच्या सदस्यांची मुदत संपण्याची तारीख, मागच्या १२ महिन्यांची इतिवृत्तं. ‘जागा का भरली नाही’ असं विचारू नका. कारणमीमांसा ही माहिती होत नाही, असं म्हणून अर्ज निकाली काढतात.

इतिवृत्तं हातात आली की समिती जिवंत आहे का ते लगेच कळतं. वर्षात एकच बैठक, ‘मागील इतिवृत्त कायम करण्यात आले’ आणि आभार, एवढंच असेल तर तिकडे जाऊ नका.

नीरक्षीर
बाल कल्याण समितीबद्दल एक गैरसमज आधी दूर करते. ती सल्लागार समिती नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २७ नुसार ती खंडपीठासारखी बसते आणि तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. एक अध्यक्ष, चार सदस्य, मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं.

शिक्षकांना घेतात. ठरावीक विषयांतली पदवी हवीच, आणि तिच्या जोडीला मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामात सात वर्षं प्रत्यक्ष सहभाग हवा, किंवा त्या पदवीवर व्यवसाय चालू असायला हवा. त्या विषयांत विशेष शिक्षणही आहे. मात्र एक अडचण आत्ताच तपासा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर जिल्ह्यातल्या बालगृहासारख्या संस्थेच्या व्यवस्थापनात असलेली व्यक्ती अपात्र ठरते. तुमच्या शाळेची संस्था बालगृहही चालवत असेल आणि तुमचं नाव कार्यकारिणीत असेल, तर अर्जाआधी राजीनामा मंजूर झाल्याचा ठराव हाताशी ठेवा.

आणि वेळेचं गणित मांडा. महिन्यात किमान २० दिवस बैठक असते. वर्षातल्या तीन चतुर्थांश बैठकांना हजर नसाल, किंवा वैध कारणाशिवाय सलग तीन महिने गैरहजर राहाल, तर नेमणूक रद्द होते. ‘आठवड्यातून एकदा जाऊन येऊ’ असं मनात असेल तर अर्ज करू नका. रिकाम्या खुर्चीचं नुकसान मुलाला भोगावं लागतं, कारण अंतिम निर्णयाच्या वेळी किमान तीन सदस्य हजर लागतात.

पाटीपेन्सिल
२० दिवस चालतील, जूननंतर मोकळीच आहे. पण रोज नेमकं काय करायचं असतं?

नीरक्षीर
समजा, साताऱ्याच्या एसटी स्टँडवर रात्री एक मुलगा एकटा सापडला. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला समितीसमोर आणायचं असतं. त्या वेळी बैठक नसेल तर एकट्या सदस्यासमोरही आणता येतं, म्हणजे फोन तुमच्या घरी येणार. पहिला प्रश्न वयाचा. दिसण्यावरूनच लहान असेल तर तसं नोंदवून पुढे जायचं. शंका असेल तर कलम ९४ चा क्रम पाळायचा: आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, तीही १५ दिवसांत. दाखला मागवायचा कंटाळा करून थेट तपासणीला पाठवणं ही नेहमीची चूक आहे.

दुसरी चूक याहून वाईट. संध्याकाळी कुणी ‘मी याचा मामा’ म्हणत येतो आणि मुलगा ताब्यात दिला जातो. मुलाच्या घरची परिस्थिती तपासणारा सामाजिक तपासणी अहवाल १५ दिवसांत पूर्ण करायचा असतो, तो यासाठीच. घरातून मूल का पळालं हे त्यात नसेल तर अहवाल परत पाठवा. तुमच्यासारख्या शिक्षिकेचा इथे फार उपयोग आहे, विशेषतः मूल बोलत नसेल तेव्हा.

आदेशात कारणं लिहा. ‘बालगृहात दाखल करावे’ या एका ओळीचा आदेश अपिलात टिकत नाही. आणि मुलाचा फोटो किंवा नाव कुठल्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर, सत्काराच्या बातमीतसुद्धा, जाऊ देऊ नका. कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कागदोपत्री
अनुभवाच्या दाखल्याची तयारी निवृत्तीआधीच करा, नंतर सही मिळवायला चकरा होतात. ‘सामाजिक कार्याची आवड आहे’ असल्या मजकुराने काम होत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या वयाच्या आणि कोणत्या प्रकारच्या मुलांसोबत, काय काम केलं, संस्थेचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का आणि जावक क्रमांक, एवढं हवं. सात वर्षं दोन संस्थांत विभागली असतील तर दोन दाखले घ्या आणि मधला खंड बेरजेत धरू नका. चारित्र्य पडताळणीचा अर्जही त्याच महिन्यात टाकून ठेवा. जाहिरात कधी येणार याची चौकशी जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात होते. तिथे बाल न्याय मंडळाच्या समाजसेवक सदस्यांबद्दलही विचारा. दोन जागा असतात, त्यातली एक महिलेची, आणि सात वर्षांच्या अनुभवाची अट तिथेही आहे, त्यामुळे हेच दाखले चालतात.