प्रॉडक्शन सर्व्हरवर हाताने कमांड चालवणं पूर्ण बंद करावं का?

धागाकर्ता:
आमच्याकडे नियम करायचं घाटतंय: प्रॉडक्शनवर (ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या सर्व्हरवर) एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून, कुणीही काही बदलायचं नाही. हवं ते पपेट किंवा ॲन्सिबलच्या (लिहून दिल्याप्रमाणे सर्व्हरची मांडणी करणाऱ्या साधनांच्या) फाइलीत लिहायचं, गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, टाकायचं, दुसऱ्याने तपासलं की मगच लागू करायचं. माझा पूर्ण पाठिंबा आहे. हाताने सगळीकडे कमांड चालवली तेव्हा जो सर्व्हर बंद होता तो तसाच राहतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीचा नवा कोड ८ पैकी ७ सर्व्हरवर चढला, एक राहिला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर बुडाले. अपेक्षित स्थिती लिहिलेली असती आणि ती सतत ताडून पाहिली जात असती, तर तो आठवा सर्व्हर नजरेतून सुटला नसता.

रात्रपाळी:
साफ असहमत. २०१४ चं हार्टब्लीड आठवा, म्हणजे ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतली सुरक्षेची त्रुटी. ओपनएसएसएलचं पॅकेज सगळीकडे अपडेट झालं, पपेटचा रिपोर्ट हिरवागार. पण आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसनी (प्रोग्रॅमनी) जुनी लायब्ररी मेमरीत धरून ठेवलेली असते. रीस्टार्ट होईपर्यंत धोका जसाच्या तसा. अशा प्रोसेस शोधायला सगळ्या सर्व्हरवर एकदम एलएसओएफ (कुठल्या प्रोसेसने कुठल्या फाइली धरल्यात ते दाखवणारी कमांड) चालवून डीईएल, म्हणजे डिस्कवरून काढलेली फाइल, असं लिहिलेल्या ओळी बघाव्या लागतात. मग एकेक सर्व्हर लोड बॅलन्सरमधून (सर्व्हरमध्ये काम वाटून देणाऱ्या यंत्रणेतून) बाहेर काढा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, परत आत घ्या. हा क्रम आहे, स्थिती नाही. तो मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे पपेटच्या फाइलीत, कोंबायला गेलात तर ती फाइल वाचणंच अवघड होईल.

धागाकर्ता:
पॅकेज बदललं की सर्व्हिस रीस्टार्ट कर, हे पपेटमध्ये नोटिफायने सांगता येतं की.

रात्रपाळी:
येतं, पण ज्या सर्व्हिसची आठवण ठेवून लिहिलंय तिच्यापुरतंच. कुणीतरी हाताने चालू केलेली प्रोसेस त्यात कुठून येणार?

जुना ॲडमिन:
धागाकर्ते, पपेट आणि ॲन्सिबल एका दावणीला बांधू नका. पपेटचा एजंट (सर्व्हरवर बसून फाइलीप्रमाणे स्थिती दुरुस्त करणारा प्रोग्रॅम) डीफॉल्टने दर ३० मिनिटांनी चालतो, ॲन्सिबल मात्र तुम्ही चालवाल तेव्हाच चालतं. प्लेबुक, म्हणजे ॲन्सिबलची फाइल, महिनाभर चालवलं नाही तर मधले बदल तसेच पडून राहतात. दुसरं म्हणजे, फाइलीतून युजरची ओळ काढली म्हणून सर्व्हरवरचा युजर जात नाही. तिथे ॲबसेंट (हा युजर नसावा) असं स्पष्ट लिहावं लागतं. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती अशीच मागे राहतात, आणि हे मला सगळ्यात गंभीर वाटतं.

माझं मत: नुसतं बघणाऱ्या कमांडवर बंदी नको. बदलणारी कमांड फक्त आणीबाणीत, आणि तीही आधी पपेट एजंट डिसेबल करून, कारण लिहून. नाहीतर रात्री २ ला केलेली दुरुस्ती अडीचला एजंटच पुसून टाकेल.

रात्रपाळी:
हे मान्य. पण डिसेबल केलेला एजंट परत सुरू कोण करणार, तेही नियमात घाला.