ब्राँझच्या तारांबद्दल

एकाने विचारलंय, हायब्रिड गिटारचा (जिच्यात मॅग्नेटिक आणि पिएझो असे दोन्ही पिकअप असतात) अकूस्टिक आवाज पातळ वाटतो, तर ब्राँझच्या तारा लावू का? मालवणात तो प्रयोग करून पस्तावलोय. मॅग्नेटिक पिकअपला, म्हणजे चुंबकाने तारेचं कंपन टिपणाऱ्या भागाला, लोखंड आणि निकेलच कळतं. ब्राँझच्या वेटोळ्यातून त्याच्या हाती फक्त पोलादी गाभा लागतो. जाड तारा दबल्या, बारीक दोन नुसत्या किंचाळायला लागल्या. ब्रिजखालचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीखालचा, पिएझो मात्र खूश, त्याला कंपनाशी मतलब! मुकाट निकेलच्या ११ च्या सेटवर (सर्वांत बारीक तार ०.०११ इंच) परतलो. आधी पिएझोचा ट्रेबल (उंच, तीक्ष्ण सूर) उतरवून बघा. आणि वाजवून झालं की गिटारची केबल काढा हो, घुसवलेली राहिली तर ९ व्होल्टची बॅटरी आत उतरतच राहते. आमच्या खाऱ्या वाऱ्यात तारा तशाही लवकर गंजतात; मी दरवेळी जुन्या पंचाने पुसतो.