जबाब फिरवण्यासाठी दबाव येत असलेल्या मुलीला संरक्षण कसे मिळवून द्यावे?

प्रश्न : आशा कार्यकर्ती, बीड जिल्हा

आमच्या गावातील एकोणीस वर्षांच्या मुलीला घरकामाचे आमिष दाखवून पुण्यात नेले आणि तिथे वेश्याव्यवसायात ढकलले. पोलिसांनी सुटका केल्यावर ती काही महिने संरक्षणगृहात होती. आता घरी आली आहे. खटला पुण्यात चालणार आहे. तिला नेणारा इसम आमच्याच भागातील एका मुकादमाच्या (ऊसतोड मजूर पुरवणाऱ्याच्या) भावकीतला असून, मुलीच्या वडिलांनी त्याच मुकादमाकडून ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली आहे. ‘जबाब फिरवा, नाहीतर उचल एकरकमी टाका’ असा निरोप आला आहे. घरचे घाबरून तिचे लग्न उरकायला निघाले आहेत. गावात बोभाटा न होऊ देता काय करता येईल?

उत्तर : वकील, छत्रपती संभाजीनगर

ताई, आलेला निरोप हाच स्वतंत्र गुन्हा आहे. खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणे भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली येते आणि त्याची फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. गावाजवळच्या ठाण्यातच जावे लागेल असे नाही. निरोप कोणी, केव्हा, कोणासमोर दिला, हे मुलीच्या आईकडून आजच लिहून घ्या.

सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली, जिथे गुन्हा घडला त्या जिल्ह्याच्या समितीकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत पुण्याकडे, अर्ज करता येतो. समितीचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवून त्यावर निर्णय होतो आणि तातडी असेल तर त्याआधीही अंतरिम संरक्षण मिळू शकते. वकिलाच्या खर्चाची चिंता नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मानवी तस्करीला बळी पडलेल्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी विधी सेवेच्या १५१०० या क्रमांकावर फोन करा.

उत्तर : ऊसतोड मजुरांत काम करणारा कार्यकर्ता, अंबाजोगाई

या प्रकरणाची खरी गाठ उचलीत आहे. वडिलांचा हात दगडाखाली असेपर्यंत मुलीच्या पाठीशी कुटुंब उभे राहणार नाही, मग पोलीस कितीही चांगले असोत. उचल देऊन मजुराला बांधून ठेवले असेल, मर्जीने काम सोडू दिले जात नसेल, तर वेठबिगारी निर्मूलन कायदा, १९७६ लागू होतो, आणि तसे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपुष्टात येते. ते वेठबिगारीचे कर्ज नाही हे सिद्ध करणे सावकाराकडे, इथे मुकादमाकडे असते. उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. मात्र तो वडिलांच्या नावाने जाऊ द्या आणि त्यात मुलीच्या खटल्याचा एक शब्दही येऊ देऊ नका. अर्जाची गोष्ट तालुक्यात फुटायला वेळ लागत नाही.

उत्तर : समुपदेशक, लातूर

वरील दोन्ही सल्ले योग्य आहेत, पण त्यांआधी मुलीला एकटीला बसवून विचारावे, कारण ती सज्ञान आहे. खटला लढायचा, गावात राहायचे की दुसरीकडे, लग्न करायचे की नाही, हे निर्णय तिचे आहेत. तिची हकीकत पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. तुम्हालाही सगळे माहीत असण्याची गरज नाही.

आमच्या कामात दोन गोष्टी वारंवार नडतात. समन्स घेऊन गणवेशातला पोलीस दारात उभा राहिला की सगळ्या गल्लीला कळते. म्हणून समन्स वकिलामार्फत किंवा संकटातील महिलांसाठीच्या सखी केंद्रात मिळावे, अशी विनंती तपास अधिकाऱ्यांना आधीच लेखी करावी. दुसरी गोष्ट पैशांची. नुकसानभरपाई मंजूर झाली तर ती तिच्या एकटीच्या खात्यात जावी. वडिलांच्या किंवा भावाच्या नावाशी जोडलेल्या खात्यात गेलेली रक्कम लग्नात किंवा उचलीत संपलेली मी पाहिली आहे. आधार कार्ड दलालाकडे राहिले असेल तर त्याची नवी प्रत आधी काढून घ्या, खाते उघडायला सोपे जाते.

प्रश्नकर्ती

आज तिच्याशी एकटीने बोलले. तिला साक्ष द्यायची आहे, लग्न आत्ता नको आहे, पण आईला सोडून दुसरीकडे राहायचे नाही. आई फिर्याद द्यायला तयार आहे. वकील साहेब, पुण्याच्या अर्जासाठी कोणती कागदपत्रे लागतील ते कळवावे. वडिलांशी उचलीबद्दल मी स्वतः बोलणार आहे.