केबल क्रंच: ताण पोटावर का येत नाही?

प्रश्न (लातूर): दादा, जिममधल्या केबल मशीनला दोर लावून गुडघ्यावर बसून क्रंच (पोट आवळत पुढे वाकायचा व्यायाम) मारतो. ३५ किलो लावले की पोटाऐवजी जांघेत ओढ बसते. काय चुकतंय?

उत्तर (नांदेड): भाऊ, वजन जास्त होतंय. १५ किलोवर या. ढुंगण टाचांकडे गेलं की काम जांघेचे स्नायू करतात, पोट नुसतं ताठ राहतं. ढुंगण जागचं हलू देऊ नका. दोराची टोकं कानाशी धरा, श्वास सोडत बरगड्या बेंबीकडे गुंडाळा, ३ सेकंदांत सावकाश वर या. १२-१५ चे ३ सेट पुरे.

उत्तर (परभणी): वर येताना वजनाच्या पट्ट्या खणकन आपटल्या की ताण सुटला समजा, गुडघे थोडे मागे घ्या. कंबरेची गादी सरकलेली असेल तर मात्र हा प्रकार नकोच. त्याऐवजी पुली (केबलची चाकी) छातीच्या उंचीवर ठेवून मशीनला बाजू देऊन उभं राहा, हँडल छातीसमोर सरळ ढकला, धड वळू देऊ नका.