वजन उतरतंय, कपडे ढगळ होताहेत. कमी खर्चात कसं निभावू?

काउंटर नंबर तीन

नमस्कार. मी सांगलीत एका पतसंस्थेत काउंटरला बसते. फेब्रुवारीत रक्त तपासलं तर एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२ आलं. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, म्हणाले आधी वजन उतरवा, मग बघू. तेव्हा ८४ किलो होते, आता ७३ आहे. ६५ पर्यंत जायचं ठरवलंय, म्हणजे अजून पाच-सहा महिने तरी. वजन कसं उतरवलं ते पुन्हा कधीतरी. आज अडलंय ते कपड्यांवर.

ऑफिसचे नऊ-दहा कुर्ते आहेत, सगळे डबल एक्सेल. आता त्यात मी बुजगावण्यासारखी दिसते. परवा एका खातेदार आजोबांनी "बाई, आजारी होता काय?" म्हणून विचारलं. ते वजनामुळे नव्हे, कपड्यांमुळे, असं आमच्या शिपाईमामांचं मत. ओढणी सरकली की सोबत कुर्त्याचा गळाही सरकतो. पलाझोच्या कंबरेला सेफ्टी पिन लावलीय आणि खालच्या खणातलं रजिस्टर काढायला वाकलं की ती बरोबर टोचते.

नवीन घ्यावेत तर दोन महिन्यांत तेही सैल. मुलाची अकरावीची फी नुकतीच भरलीय, त्यामुळे दिवाळीपर्यंत कपड्यांवर दोन हजारांच्या वर खर्च नाही, हे घरात ठरलंय (मीच ठरवलंय). कोपऱ्यावरचा टेलर एका कुर्त्याच्या फिटिंगचे ८० रुपये सांगतो. सगळ्यांचे मिळून आठशे, आणि दोन महिन्यांनी परत आठशे?

सासूबाई म्हणतात, सगळं बोहारणीला दे, एखादं पातेलं तरी येईल. नवरा म्हणतो, राहू दे, परत वाढलं तर. (या वाक्यावर दोन दिवस अबोला होता.)

तर किती कुर्त्यांना फिटिंग मारून घेऊ, किती नवे घेऊ, मोठे ठेवू की देऊन टाकू? शिवाय मार्गशीर्षात भाच्याचं लग्न आहे, पैठणीच्या ब्लाऊजचं काय? घरी आईचं उषाचं पायमशीन आहे. मला सरळ टीप मारता येते, त्यापलीकडे काही नाही.

हौशी मिरजकर

साडी नेसा की! ८४ ला तीच, ६५ लाही तीच. परकराला नाडी असतेच. आमच्या आईनं दोन बाळंतपणं आणि एक टायफॉइड एकाच कपाटावर निभावला.

काउंटर नंबर तीन

मिरजकर, रोज साडी नेसून स्कूटीवरून विश्रामबाग ते गणपती पेठ करून बघा, मग बोलू. आणि ब्लाऊज सैल होतात त्याचं काय? पण आठवड्यातून दोन दिवस साडी चालेल, तेवढेच कुर्ते कमी लागतील.

टाका टीप

काउंटरताई, मी इचलकरंजीत घरीच बायकांचे कपडे शिवते. निम्मं काम अल्टरचं असतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सगळ्या कुर्त्यांना हात लावू नका. आधी खांदा बघा. कुर्ता घालून आरशापुढे उभ्या राहा. बाहीची शिवण खांद्याच्या हाडावर आहे की दंडावर उतरलीय? बोटभर उतरली असेल तर चालतंय. दोन बोटं उतरली असेल तर तो कुर्ता बाजूला ठेवा. बाजू मारणं सोपं आहे हो, पण खांदा कमी करायचा म्हणजे बाही उसवायची, मुंढा (बाही बसते ती गोलाई) नव्यानं कापायचा, बाही परत बसवायची. त्या कामाचे ८० रुपये कोणी घेणार नाही, आणि घेतलेच तर काम तसलंच होईल.

आता गंमत बघा. तयार कुर्त्यात डबल एक्सेलची छाती साधारण ४४ धरतात, एक्सेलची ४२, एलची ४०. म्हणजे एका साइजला फक्त दोन इंच. कुर्त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या शिवणीच्या अर्धा इंच आत टीप मारली की घेरातून दोन इंच जातात, कारण पुढचा आणि मागचा पल्ला दोन्ही अर्धा-अर्धा इंच आत येतात. झाला एक्सेल! एक इंच आत मारली की एल. दुकानात ज्याचे सहाशे-सातशे मोजाल ते घरच्या मशीनवर दोऱ्याच्या खर्चात होतंय. सरळ टीप येते म्हणालात ना, तेवढीच लागते.

कसं करायचं सांगते. कुर्ता उलटा करून घाला. घरातल्या कोणाला तरी दोन्ही बाजूंना चिमटीत धरून टाचण्या लावायला सांगा. आवळून नाही, हात वर करता आला पाहिजे आणि खाली बसता आलं पाहिजे. काढा, टेबलावर पसरा, दोन्ही बाजूंचं माप सारखं करा, खडूनं रेघ ओढा. टीप बाहीच्या तोंडापासून सुरू करायची, काखेतून वळवायची आणि तशीच खाली आणायची, मध्ये तोडायची नाही. नवशिक्या बाया फक्त छातीखाली मारतात, मग काखेत कापडाचा बोळा जमतो. खाली येताना कटाच्या (बाजूच्या उघड्या चिरेच्या) दोन इंच वरपर्यंत हळूहळू जुन्या शिवणीला मिळवून टाका. कटापर्यंत आत घेतलं तर कटाची पट्टी उसवावी लागते, ते झंझट नको. सीटवर थोडं सैल राहिलं तर कुर्त्यात कळत नाही.

आणि हे नीट लक्षात ठेवा: टाका मोठा ठेवा आणि आतलं कापड कापू नका. टेलरकडे दिलंत तर त्यालाही बजावा की इंटरलॉक मारू नको. त्या मशीनला सुरी असते, कडेचं कापड कापलं जातंय. माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, राहिली तर उद्या अर्धा इंच अजून आत घेता येईल किंवा परत सोडता येईल. मोठ्या टाक्याची टीप उसवायला पाच मिनिटं लागतात.

एक इंचाच्या पुढे मात्र जाऊ नका. गळा मोठाच राहतो, पुढची नक्षी बगलेत जाते आणि कुर्ता अंगावर पिळल्यागत दिसतो.

पलाझोची पिन आजच काढा. कंबरपट्टीच्या आतल्या बाजूला मागच्या शिवणीपाशी दीड इंच उसवा, इलॅस्टिक बाहेर ओढा, हवं तेवढं कापून टोकं एकावर एक ठेवून घट्ट शिवा, आत सोडा, भोक बंद करा. कापण्याआधी बाकीच्या इलॅस्टिकला एक टाचणी लावा, नाहीतर टोक आत पळालं की अख्खी पट्टी उसवावी लागते. काही तयार पलाझोंत इलॅस्टिक कापडासकट चार-चार टिपांनी शिवलेलं असतं, ते ओढलं जात नाही. तिथं आतून नाडीसाठी वेगळी पट्टी लावायची.

आणखी एक, बायका विचारत नाहीत म्हणून मीच सांगते. वजन उतरताना पहिला खर्च ब्रावर करा. पट्टा पाठीवर वर चढत असेल तर वरून कितीही फिटिंग केलं तरी कुर्ता बसत नाही, आणि छातीचं मापही चुकीचं निघतं. नवीन घेताना सगळ्यात बाहेरच्या हुकावर बसेल अशी घ्या, म्हणजे बारीक होत जाल तसं आतल्या हुकांवर जाता येईल.

बेल्टचं तिसरं भोक

पुरुषांच्या बाजूनंही लिहितो, कारण तुमच्या यजमानांनाही कधी लागेल. मी ९६ वरून ८१ वर आलो. पॅन्टची कंबर मागच्या मधल्या शिवणीतून कमी करतात, तिथं माया असते. दोन इंचांपर्यंत उत्तम होतं. मी साडेतीन इंच करून आणली तर मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला निघाले. त्यामुळे दोन इंचांवर गेलं की पॅन्ट सोडायची. शर्टाचं गणित टाका टीप यांनी सांगितलं तेच, फक्त कॉलर सैल झाली की तो शर्ट संपला. मधल्या काळासाठी दोन गडद पॅन्टी, निळी आणि काळी, पालटून वापरल्या. पॅन्ट तीच आहे हे ऑफिसात कोणाला कळत नाही, शर्ट कळतो. बेल्टला भोक मात्र चांभाराकडून पाडून घ्यावं. घरी खिळा तापवून पाडलं की चामडं चिरत जातं.

दादरची मावशी

टाका टीप यांना हॅट्स ऑफ, पण मोठे कपडे ठेवायच्या मी विरोधात आहे. कपाटात डबल एक्सेल दिसला की हात त्याच्याकडेच जातो, आणि सैल कपड्यात चार घास जास्त गेलेले कळत नाहीत. मी तर प्रत्येक साइज सुटली की पंधरा दिवसांत बाहेर काढला. बोहारणीला नाही हं! त्यांना जीन्स आणि जरीच्या साड्या हव्या असतात, सुती कुर्त्याला त्या नाक मुरडतात. आमच्या सोसायटीत घरकामाला येणाऱ्या बायकांना आधी विचारते. इस्त्री करून, बटणं बघून द्यायचे, चिंध्या म्हणून नाही.

आणि नवे घेण्याआधी नात्यात विचारा. माझ्या वहिनीचं माप माझ्या खाली एक साइज होतं. ती नेमकी जाड होत होती, मी बारीक. वर्षभर आमची देवाणघेवाण चालली, एक पैसा न घालता. यात लाज कसली?

टाका टीप

मावशी, सगळे ठेवा असं मी म्हणतच नाही. पण माझ्याकडं येणाऱ्या गिऱ्हाइकांत वजन उतरवून परत दोन-तीन किलो वर गेलेल्या बायाच जास्त. दिवाळीचा फराळ आहे, लग्नसराई आहे. त्या वेळी सगळं देऊन बसलेलं असलं तर नवी खरेदी, आणि वर मनाला लागतं ते वेगळंच. म्हणून दोन ठेवावेत, माया न कापलेले. खांदा उतरलेले मात्र खुशाल द्या.

दादरची मावशी

दोन चालतील. दहा नकोत.

काउंटर नंबर तीन

रविवारी दोन कुर्त्यांवर प्रयोग केला. टाचण्या लावायला नवऱ्याला बसवलं (अबोला संपला). निळ्याला अर्धा इंच मारला, तो झकास बसला. चॉकलेटीच्या खांद्याची शिवण पार दंडावर होती, तो बाजूला ठेवला. असे तीन निघाले, ते आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना दाखवते. त्यांना नको असतील तर आग्रह नाही.

हिशोब असा झालाय: दोन ब्रा साडेसातशे, दोरा-टाचण्या-इलॅस्टिक शंभराच्या आत. राहिले साडेअकराशे. दोन नवे कुर्ते घ्यायचेत, कोल्हापूरला जाणं होतंच, तर तिथल्या गांधीनगरच्या कपडेबाजारात बघू का? की कापड घेऊन शिवू? आणि पैठणीचं राहिलंच. ब्लाऊज मापाला शिवलेला आहे, अस्तराचा, मागे गळा खोल. आता घातला की खांद्यावरून घसरतो. तसाच पुढे नेऊ की नवीन?

टाका टीप

गांधीनगरला जा, पण दारातच विचारा एक नग देणार का, काही दुकानं होलसेलच बघतात. टेप सोबत न्या, शिक्क्यावरच्या साइजवर जाऊ नका. आत्ताच्या छातीच्या मापात दोन इंच सैल धरून घ्या, जास्त नाही. बाजूच्या शिवणी सरळ असलेले साधे कुर्ते बघा. कळ्यांचे, अनारकली नको, ते मारताना प्रत्येक कळीशी खेळावं लागतं. सुती असेल तर एकदा धुवा, मगच मशीनवर घ्या. पहिल्या पाण्यात आटतंय. कापड शिवून घेणार असाल तर टेलरला बाजूला दीड इंच माया सोडायला सांगा, न सांगता ती कमीच सोडतात.

पैठणीचा ब्लाऊज टाकू नका. बाजूला माया असणारच, मापाच्या ब्लाऊजात असतेच. पण ते आत्ता करू नका. मार्गशीर्षापर्यंत तुम्ही अजून उतरणार, मग आत्ता केलेलं काम परत उसवावं लागेल. खांद्यावरून घसरतो त्याला दोन उपाय आहेत. खांद्याच्या शिवणीत अर्धा इंच आत घ्यायचं, गळा आणि मुंढा दोन्ही वर उचलले जातात. ते पुरलं नाही तर मागच्या गळ्याला वर दोरी लावायची, पैठणीच्याच काठाच्या तुकड्याची लटकन करून. हुकाची पट्टी मात्र तशीच राहू दे, तिथून कमी केलं की पुढचे टक्स (छातीच्या आकारासाठी घातलेल्या चिमट्या) मधोमध सरकतात.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी टेलरकडे जा, त्याच्या आधी नाही. आणि मापाला जाताना जी ब्रा लग्नात घालणार तीच घालून जा.