मदत हवी आहे: 'कुकुक'ला मराठीत काय म्हणू? (१९३० चा जर्मन बोलपट)

मंडळी,

आमच्या जर्मन शिकणाऱ्या गटासाठी 'डी द्राय फॉन डेर टांकश्टेले' (म्हणजे 'पेट्रोल पंपावरचे तिघं') या बोलपटाला मराठी सबटायटल्स करतेय. शनिवारी दाखवायचाय आणि मी सुरुवातीलाच अडकलेय.

तीन मित्र मजेत फिरून घरी येतात. बघतात तर जप्ती! बँक बुडालीय, बेलीफ फर्निचरवर सीलची चिठ्ठी चिकटवतोय, हमाल एकेक वस्तू बाहेर काढताहेत. आणि हे तिघं रडायचं सोडून त्याच बेलीफला उद्देशून गाणं म्हणत नाचतात. जर्मनीत बेकारांचा आकडा तीस लाखांच्या घरात गेला त्या वर्षीचा हा सिनेमा. थिएटरात बसलेल्या कितीतरी जणांनी ती चिठ्ठी स्वतःच्या कपाटावर पाहिली असेल, म्हणून हा प्रसंग नीट पोचायला हवा असं मला मनापासून वाटतं.

अडचण त्या चिठ्ठीची. तिच्यावर सरकारी गरुड असायचा आणि लोक चिडून त्याला 'कुकुक' म्हणायचे, म्हणजे कोकीळकुळातला तो पक्षी. शिवाय 'त्सुम कुकुक!' ही वैतागून घालायची सौम्य शिवी, आपल्या 'मसणात जा'सारखी. पुढे गाडी विकून तिघं पेट्रोल पंप काढतात, त्याच्या नावातही हाच कुकुक. एका शब्दात जप्ती, पक्षी आणि शिवी!

'कोकीळ' लिहिलं तर सगळं गोड होऊन बसतं. मला सुचलंय ते 'कावळा'. 'कपाटाला कावळा शिवला' म्हटलं की हात लावायचा नाही हे आपल्याकडे लगेच कळतं, वाक्यही छोटं, दोन-तीन सेकंदांत वाचून होतं. पण हा वाक्प्रचार पाळीसाठी वापरतात आणि गटात कॉलेजच्या मुली आहेत. त्यांना ते खटकेल का? की 'जप्तीची चिठ्ठी' असं सरळ लिहून शिवी सोडून देऊ? गाण्यातली गंमत जाईल याचं फार वाईट वाटतंय.

कृपया फ्रेंच प्रतीची सबटायटल्स सुचवू नका. प्रभातने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित केला, तसंच हा बोलपट काढणाऱ्या जर्मन उफा कंपनीनं इथे केलं होतं. फ्रेंचमध्ये नायिका लिलियान हार्वे तीच, पण नायक विली फ्रिचच्या जागी आंरी गारा. संवाद जुळत नाहीत, मी दोन संध्याकाळी त्यात घालवल्या.

आणखी एक विचारायचंय. यातल्या वकिलाचं काम करणारा कुर्ट गेरॉन ज्यू होता. १९३३ च्या मार्चअखेर उफानं ज्यू कलाकारांना काढायचं ठरवलं, १९३७ मध्ये या सिनेमावरच बंदी आली आणि १९४४ मध्ये गेरॉनला नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत मारलं. तो पडद्यावर आला की मला आता हसू येत नाही. मुलांना हे आधी सांगू की नंतर? मला वाटतं आधी त्यांना मोकळेपणी हसू द्यावं, त्याच्या कामाला मिळालेली दाद ती. पण मग दिवे लागल्या लागल्या हे कसं सांगायचं?

ज्यांनी असे सिनेमे गटाला दाखवलेत त्यांनी जरूर लिहा. 'कावळ्या'बद्दल शुक्रवार रात्रीपर्यंत कळलं तर बदल करता येईल.